सेंटर फॉरवर्डचा निरोप

६ जून २०२४ च्या संध्याकाळी नंदनवनातील आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. लग्नकार्य किंवा नाताळचे जेवण सोडले, तर तेथे एवढी गर्दी एरवी होत नाही. युवकांनी पांढरा पडदा बांधला होता आणि त्या पडद्यावर कोलकात्याचे सॉल्ट लेक मैदान दिसत होते. भारत विरुद्ध कुवेत असा विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील सामना होता. सामना महत्त्वाचा होताच; पण लोक जमले होते ते एका माणसाला पाहण्यासाठी. भारताचा कर्णधार आणि सेंटर फॉरवर्ड सुनील छेत्री त्या दिवशी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेणार होता.

सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ज्याने १५१ सामन्यांत ९४ गोल केले, रोनाल्डो, अली दाई आणि मेस्सी या तिघांनंतर ज्याचे नाव घ्यावे लागत होते, त्याला निरोपाच्या दिवशी एकही गोल साधला नाही. सामना संपल्यावर सहकारी दोन रांगा करून उभे राहिले आणि त्यांच्यामधून तो डोळे पुसत बाहेर पडला. मैदानात पन्नास हजारांहून अधिक माणसे होती. इकडे आमच्या सभागृहातील दहावी-बारावीची पोरेही डोळे पुसू लागली. २००५ साली क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि पहिला गोल केला, तेव्हा यांतील बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता.

मग चहा आला आणि वाद सुरू झाला. चाहत्यांचा स्वभावच असा की, डोळे पुसून होताच ते हिशेबाला बसतात. एक म्हणाला, ९४ गोल म्हणजे चेष्टा नव्हे. दुसरा म्हणाला, त्यांतले कितीतरी गोल नेपाळ, मालदीव अशा दुबळ्या संघांविरुद्धचे. मोठ्या देशांशी आपण खेळतोच कोठे? तिसऱ्याचे म्हणणे असे की, भारतीय संघाला दुसरा गोल करणारा मिळाला नाही हेच छेत्रीचे मोठेपण आणि हेच आपले दारिद्र्य. मला हे तिसरे मत त्यातल्या त्यात पटले. पण मी बोललो नाही. धर्मगुरूने फुटबॉलवर मत दिले की पोरे आदराने गप्प बसतात आणि वादाची मजा जाते.

तिसऱ्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मूळचे गोव्याचे, बालपण मुंबईत गेलेले, रेल्वेच्या नोकरीनिमित्त नागपूरला आले आणि येथेच स्थिरावले. रविवारची पहिली मिस्सा त्यांनी सहसा चुकवली नाही. बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “फादर, ह्याला निरोप चांगला मिळाला. आमच्या नेव्हिलच्या निरोपाला आम्ही कुठं होतो?”

नेव्हिल डिसोजा हे नाव मी ऐकले होते. पण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीच्या उत्तराला जेवढी जागा असते, तेवढीच माझ्या मनात त्याला होती. माझ्याच श्रद्धेचा, माझ्याच राज्याच्या संघातून खेळलेला माणूस. आणि त्याच्याविषयी चार वाक्ये सांगा म्हटले असते, तर मी दुसऱ्या वाक्याला अडलो असतो. त्या संध्याकाळनंतर मी जे वाचले आणि त्या गृहस्थांकडून जे ऐकले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

प्रथम जागेविषयी. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये दोन बचावपटू, तीन हाफबॅक आणि पाच आघाडीवीर अशी मांडणी असे. त्या पाचांच्या मधोमध उभा राहणारा तो सेंटर फॉरवर्ड, पाठीवर ९ हा आकडा वागवणारा. बाकीच्या दहा जणांच्या श्रमाचे फळ त्याच्या पायाशी येऊन पडते आणि ते पदरात पाडून घेणे एवढेच त्याचे काम, असे वरवर पाहता वाटते. म्हणून त्याचे कौतुक अधिक आणि त्याला शिव्याही अधिक. बचावपटूच्या दहा चुका लोक विसरतात. सेंटर फॉरवर्डने रिकाम्या गोलासमोर चेंडू बाहेर मारला, तर ती गोष्ट त्याच्या नातवंडांनाही ऐकावी लागते.

नेव्हिल डिसोजाचा जन्म १९३२ सालचा. मूळ गाव बार्देश तालुक्यातील आसगाव. गोव्यात फुटबॉल आला तोच एका धर्मगुरूच्या हातून. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली येथे मुलांना हा खेळ शिकवला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. भातकापणी झाली की रिकाम्या शेतात खेळायचे, अशी गावोगावची रीत पडली. तेथून तो खेळ गोवेकरांबरोबर मुंबईला आला.

मुंबईचे गोवेकर म्हणजे काय, हे आपल्या विदर्भातील वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गावागावांच्या ‘कूडी’ होत्या. कूड म्हणजे एका गावातल्या पुरुषांनी मिळून घेतलेली राहण्याची जागा. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, बँडमध्ये वाजवणारे कलावंत, नोकरीच्या शोधात आलेली तरुण पोरे, सगळे तेथे राहत. भिंतीशी पेट्या, मध्ये वेदी आणि संध्याकाळी एकत्र रोझरी. आमचे गृहस्थ वडिलांबरोबर आणि थोरल्या भावाबरोबर अशाच एका कूडीत काही वर्षे राहिले होते. फुटबॉलची पहिली भाषा तेथेच कानावर पडली, असे ते सांगत.

या कूडींवर १९५५ साली एक विचित्र काळ आला. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, अनेक जण हुतात्मे झाले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी व्यवहार तोडला, सीमा बंद झाली, आगगाडी थांबली. मुंबईतल्या हजारो गोवेकरांचे घर एकीकडे आणि पोट दुसरीकडे अशी स्थिती झाली. आई आजारी असली तरी जाणे सोपे राहिले नाही. आणि अशा वेळी, १९५६ च्या हिवाळ्यात, ज्याचे मूळ गाव अजून पोर्तुगीज झेंड्याखाली आहे असा एक तरुण भारताची जर्सी घालून मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेला. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षे होती. मुंबईतल्या गोवेकरांना त्या काळी कोण भारतीय आणि कोण परके, अशा नजरांना तोंड द्यावे लागे. त्यांच्या वतीने सभेत भाषण करणारे पुढारी होतेच. परंतु एका सेंटर फॉरवर्डने केलेली गोष्ट भाषणाहून अधिक लोकांना समजली, असे मला वाटते.

त्यापूर्वीच तो मुंबईकरांच्या परिचयाचा झाला होता. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून तो खेळे. १९५४ च्या संतोष करंडक स्पर्धेत मुंबईने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले, त्या संघात तो होता. पुढे कॅल्टेक्सच्या संघाने १९५८ चा रोव्हर्स चषक जिंकला, त्यातही त्याचे नाव आहे. रोव्हर्स ही १८९१ पासून मुंबईत चाललेली स्पर्धा. कुपरेज मैदानावर तिचे सामने होत आणि कोलकाता-हैदराबादचे बलाढ्य संघ तेथे येत. हैदराबाद पोलिसांचा संघ तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक घेऊन गेला होता. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हेच मेलबर्नला भारतीय संघाचे प्रशिक्षक होते.

मेलबर्नची कथा सांगण्यापूर्वी चार वर्षे मागे जायला हवे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुळीस मिळवले होते. तेथे गारठलेल्या मैदानावर आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. १९४८ मध्ये लंडनला हेच अनवाणी पाय कौतुकाचा विषय झाले होते. त्या संघाचे कर्णधार डॉ. तालिमेरेन आओ हे नागा प्रदेशातील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चिरंजीव होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. हेलसिंकीनंतर कौतुक संपले आणि बूट घालून खेळणे शिकणे भाग पडले.

मेलबर्नला भारताची पहिली गाठ हंगेरीशी पडायची होती. हंगेरीने १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवून जगाला चकित केले होते. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी आघाडीवर न थांबता मागे सरकून खेळे आणि इंग्लिश बचावपटूंना त्याच्यामागे जावे की जाऊ नये हेच कळेना. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. आपल्या ज्येष्ठ वाचकांना ते दिवस कार्डिनल मिंडझेंटींमुळे आठवत असतील. उठावात त्यांची सुटका झाली आणि ४ नोव्हेंबरला त्यांनी अमेरिकन वकिलातीचा आश्रय घेतला, तो पुढे पंधरा वर्षे. त्या धामधुमीत हंगेरीने फुटबॉल संघ मागे घेतला आणि भारत न खेळताच पुढल्या फेरीत गेला. एका राष्ट्राच्या दुःखातून दुसऱ्याला मिळालेली ही चाल होती.

१ डिसेंबर १९५६. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा; मध्यंतरापूर्वी मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिलचा तिसरा. शेवटी किट्टूने चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. बदरू बॅनर्जी कर्णधार, पी. के. बॅनर्जी उजव्या बाजूला, आणि मध्ये हा चोवीस वर्षांचा युवक.

उपांत्य सामना पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी. १०-१ ची जखम ताजी होती. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही आणि त्यानंतर पहिला गोल भारताने केला. करणारा नेव्हिलच. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या दारात भारतीय फुटबॉल त्या दिवशी जेवढा जवळ उभा होता, तेवढा त्यानंतर कधी उभा राहिला नाही. ती आघाडी दोन-तीन मिनिटेच टिकली. युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, मग पुढे गेले, आणि सामना ४-१ असा संपला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरवले. भारत चौथा आला. नेव्हिलचे चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्याबरोबर तो त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता.

पुढच्या, १९६० च्या रोम ऑलिंपिकला भारतीय संघ गेला, तेव्हा त्यात नेव्हिल नव्हता.

त्या काळी खेळाडू निवृत्त होत नसत, त्यांची निवड होणे थांबत असे. मुंबईचे चांगले संघ कंपन्यांचे: टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, गिरण्या. खेळाडूला कंपनीत नोकरी असे, सकाळी कचेरी आणि दुपारनंतर सराव. त्यामुळे शेवटचा सामना कोणता हे खेळाडूलाही कित्येकदा कळत नसावे. वर्तमानपत्रात एके दिवशी अकरा नावे येतात, त्यांत आपले नाव नसते, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बसायचे असते. आजची पोरे याला अन्याय म्हणतील. मला त्यात वाईट आणि बरे दोन्ही दिसते. गोल थांबले म्हणून चूल थांबत नसे. नंतर कंपन्यांनीच हात आखडता घेतला आणि मुंबईचे एकेक संघ बंद पडत गेले. महिंद्र युनायटेडसारखा नामांकित संघ २०१० मध्ये बंद झाला.

अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ मध्ये. फुटबॉलसाठी पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला आणि तो योग्यच होता. नंतर बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग अशी थोर नावे त्या यादीत येतात. मेलबर्नच्या सेंटर फॉरवर्डचे नाव त्या यादीत नाही. १९८० साली, पन्नाशीही न गाठता, तो वारला.

जर्नेल सिंगांचे नाव निघालेच आहे तर सेंटर फॉरवर्डच्या जागेची आणखी एक गोष्ट सांगतो. विषयाला सोडून आहे, पण राहवत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध या बचावपटूचे डोके फुटले, टाके पडले. चेंडू डोक्याने परतवणे हेच ज्याचे काम, तो आता मागे उभा कसा राहणार? रहीमसाहेबांनी त्यांना उचलून सेंटर फॉरवर्डच्या जागी ठेवले. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला, आणि भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. त्या संघात आपल्या कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको हाफबॅक होते. ते २०२१ मध्ये गोव्यात निवर्तले. एप्रिल २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे आमच्या पोरांना रहीमसाहेब ठाऊक आहेत, जर्नेलचे टाकेही ठाऊक आहेत. तेवढे त्या चित्रपटाचे उपकार.

आता त्या वृद्ध गृहस्थांकडे परत येतो. जूननंतर मी त्यांच्या घरी तीन-चार वेळा गेलो. मला अर्थातच प्रत्यक्षदर्शीची हकिकत हवी होती. कुपरेजवर नेव्हिलला त्यांनी पाहिले होते. चौदा-पंधरा वर्षांचे असतील. मी वही काढून बसलो. “अंकल, त्याचा एखादा गोल सांगा ना, तुम्हाला आठवतो तसा.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, खरं सांगू? मी एकही गोल पाहिला नाही. माझी उंची ही एवढी. पुढं सगळी मोठी माणसं उभी. त्यांच्या पाठी पाहिल्या मी, शर्टांचा घाम पाहिला. मग एकदम सगळे ओरडायचे, भाऊ मला वर उचलायचा, तोपर्यंत चेंडू जाळीत पडलेला असायचा. नेव्हिलचे गोल मी कानांनी पाहिले.”

मेलबर्नची बातमी कूडीत कशी आली, तेही त्यांनी सांगितले. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, दुसऱ्याने हिसकावून पुन्हा वाचले. त्या रात्री रोझरी नेहमीपेक्षा उशिरा सुरू झाली आणि एका बोटवाल्याने सर्वांना चहा पाजला. पण नेव्हिल खेळायचा कधी थांबला, हे त्यांना सांगता येईना. “आम्ही नवीन कुणाला तरी ओरडायला लागलो होतो,” एवढेच ते म्हणाले. पुढे नोकरी, बदली, लग्न. १९८० साली तो गेल्याचे त्यांना नागपुरात कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी पत्रातून कळले.

वहीत मी गोलांचे वर्णन लिहायला गेलो होतो, आणि घरी आलो तेव्हा वहीत होत्या माणसांच्या पाठी. पण विचार करता वाटते, खेळाडूचा वारसा म्हणून आपण जे म्हणतो, ते बहुधा असेच असते. मेलबर्नची मिनिटे नोंदवहीत सुरक्षित आहेत, ती कोणीही पाहून घेईल. कुपरेजवरची ओरड मात्र ज्यांच्या कानांत होती, त्यांच्याबरोबरच जाणार.

छेत्रीला हे नीट कळले असावे. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. आपल्या महाराष्ट्राची राजधानी, जेथे एके काळी कुपरेजच्या कुंपणाशी माणसांच्या भिंती उभ्या राहत! दुसऱ्या दिवशी त्याने चित्रफितीद्वारे लोकांना हात जोडले. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, अशा आशयाचे ते आवाहन होते. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा. सगळी तिकिटे संपली, भर पावसात लोक आले, आणि त्याने दोन गोल केले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तेव्हा मुंबईत नोकरीला होता. तो त्या पावसात उभा होता. त्याच्याकडे त्या दोन गोलांचे वर्णन मागितले, तर तो छत्री उलटी झाल्याचेच सांगतो.

एक गोष्ट राहिली. आमच्या पोरांनी डोळे पुसून निरोप दिलेला छेत्री मार्च २०२५ मध्ये परत आला. प्रशिक्षकांना दुसरा गोल करणारा सापडेना! शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा गोल केला. सभागृहातले ते तिसरे मत किती खरे होते पाहा. पोरे खूश झाली आणि थोडी ओशाळलीही. निरोपाची भाषणे करून पाहुणा पुन्हा दारात उभा राहावा तसे झाले.

वृद्ध गृहस्थांना ही बातमी सांगता आली नाही. त्या वर्षीच्या उपासकाळाच्या सुरुवातीलाच ते प्रभूकडे गेले. त्यांच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या रविवारी मी युवकांच्या बैठकीत नेव्हिल डिसोजाची सगळी हकिकत सांगितली: आसगाव, कूड, बंद झालेली सीमा, नऊ, तेहेतीस, पन्नास ही मिनिटे. पोरांनी शांतपणे ऐकले. आमच्याकडे एक सातवीतला मुलगा आहे. लहान म्हणून थोरली पोरे त्याला नेहमी गोलात उभा करतात. त्याने हात वर केला. मला वाटले, हॅट्‌ट्रिकविषयी काही विचारील.

“फादर, तो गेल्यावर त्याच्या जागी कोण खेळलं?”

मी त्याला रोमच्या संघाविषयी सांगितले: पी. के. कर्णधार, चुनी, बलराम. आणि हेही सांगितले की, ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ त्यानंतर पुन्हा गेलेला नाही. तो थोडा वेळ बोटे मोजत बसला, १९६० पासून किती वर्षे झाली ते. मग थोरल्यांनी बाहेरून हाक मारली आणि तो हातमोजे घेऊन गोलात उभा राहायला गेला.